दाब हरवतो कुठे?

स्टीफन हेल्स यांनी घोडीच्या धमनीला जोडलेल्या उभ्या काचनळीत रक्त आठ फुटांहून वर चढलं. हा प्रयोग १७३३ साली इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाला. १८२८ मध्ये पॅरिसच्या प्वाझय यांनी पारा भरलेली इंग्रजी यू-आकाराची नळी वापरली. हृदयापासून दूरच्या धमनीतही दाब जवळजवळ तेवढाच भरला! मग तो कमी होतो कुठे? पुढच्या बारीक वाहिन्यांत? रक्त लवकर गोठतं. म्हणून त्यांनी केसासारख्या काचनळ्यांतून पाणी सोडून मोजमापं घेतली. १८४०च्या सुमारास नियम हाती आला: दाब दुप्पट केला तर प्रवाह दुप्पट; पण व्यास निम्मा केला तर प्रवाह फक्त सोळावा हिस्सा. सूक्ष्म धमन्या किंचित आवळून वा सैल सोडून शरीर रक्ताचं वाटप करतं ते याच जोरावर. धावताना पायांकडे जास्त रक्त कसं वळतं, हे आता वर्गात विचारून पहा.