निपाणीतली जिन्याखालची खोली

आज जरा वेगळ्या विषयावर लिहितोय. आपल्या सीमाभागातल्या जुन्या घरांत एखादा तरी फोटोवेडा माणूस असायचाच. आमच्याकडे ते वेड निपाणीच्या मामांना होतं.

मामांच्या घरी जिन्याखाली एक खोली होती. मोठ्या माणसानं वाकूनच आत शिरायचं. दाराला जाड गोधडीचा पडदा, आत लाल झिरोचा बल्ब आणि दगडी कट्ट्यावर तीन तसराळी. आख्ख्या निपाणीला तंबाखूचा वास, पण मामांच्या घरात शिरलं की नाकाला झोंबायचा तो आंबूस अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडचा वास. मामा दिवसा तंबाखूच्या वखारीत हिशेब लिहायचे आणि रात्री फोटो धुवायचे. गल्लीतली बारशी, मुंजी, वाढदिवस, काळ्या दिनाची मिरवणूक, सगळं त्या खोलीतून कागदावर उतरलं.

१९७१ च्या मे महिन्याच्या सुट्टीत मी तिथंच होतो. माझा मामेभाऊ सात वर्षांचा. दुपारी सगळे आडवे झालेले असताना तो पडद्याआड शिरला. तिथं बरणीत पांढरे, स्वच्छ, टपोरे खडे होते. त्याला वाटलं खडीसाखर! मूठभर तोंडात टाकले. चव खारट-कडू लागली तेव्हा रडत बाहेर आला. मामी धावली, "काय खाल्लास? दाखव की मला!" म्हणत त्याच्या तोंडात बोट घालून खडे काढले. नंतर मिठाचं पाणी पाजून उलटी करवली. (आज डॉक्टर सांगतात, असं मुळीच करू नका. उलटी न करवता बाटली किंवा बरणी बरोबर घ्या आणि थेट दवाखाना गाठा.) सुदैवानं ते खडे हायपोचे होते. फोटोच्या रसायनांत त्यातल्या त्यात गरीब म्हणावं असं ते. पोरगं संध्याकाळपर्यंत हिंडूफिरू लागलं.

मामा मात्र रात्रभर बसून होते. त्याच फळीवर, हायपोच्या शेजारी, लाल खड्यांची आणि नारिंगी खड्यांची अशा दोन बरण्या होत्या. लाल म्हणजे पोटॅशियम फेरीसायनाईड, नारिंगी म्हणजे पोटॅशियम डायक्रोमेट. शिवाय हायड्रोक्विनोनची पांढरी पूड. मुलाचा हात वीतभर इकडे किंवा तिकडे गेला असता तर? विशेषतः डायक्रोमेट पोटात गेलं तर मूत्रपिंडाची वाट लागते.

दुसऱ्या दिवशी मामीनं त्या खोलीची किल्ली आपल्या कमरेला खोचली. तिथून पुढं खोली तिची झाली.

आता थोडा इतिहास सांगतो, म्हणजे मामांच्या फळीवरचा हा पसारा कुठून आला ते कळेल.

फोटोग्राफी आपल्याकडे फार लवकर आली. मुंबईत १८५४ सालीच फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी त्या काळातले नावाजलेले छायाचित्रकार. त्या जमान्यात काचेवर ओलं कलोडियन लावून फोटो काढायचे. ही रीत आर्चर नावाच्या इंग्रजानं १८५१ मध्ये जगापुढं आणली. काच ओली आहे तोवर फोटो काढायचा, तोवरच धुवायचा. कलोडियनमध्ये ईथर, म्हणजे ठिणगी पडली की भडका. आणि फोटो पक्का करायला अनेक जण पोटॅशियम सायनाईड वापरायचे! हायपोचा गुण जॉन हर्शेल यांना १८१९ पासून ठाऊक होता, पण सायनाईडचं काम झटपट व्हायचं आणि ते धुवायला पाणीही कमी लागायचं. त्यात कुठलंही आम्ल मिसळलं की जीवघेणा वायू निघतो. जगभरात कित्येक छायाचित्रकार असे गेले.

पुढं कोरड्या काचा आल्या, मग फिल्म आली आणि सायनाईड मागं पडलं. पण घरात रसायनं कालवणं काही थांबलं नाही. त्याचं सगळ्यात मोठं उदाहरण दादासाहेब फाळक्यांच्या घरचं. १९१२ मध्ये ते विलायतेहून कॅमेरा घेऊन आले आणि दादरच्या राहत्या घरीच सिनेमाचा कारखाना मांडला. कच्च्या फिल्मला कडेनं भोकं पाडणं, रसायनं कालवणं, फिल्म धुणं ही कामं सरस्वतीबाईंनी शिकून घेतली. सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही त्याच बघायच्या. ३ मे १९१३ ला 'राजा हरिश्चंद्र' गिरगावात लागला, त्यामागं या बाईचे हात होते. पडद्यावर बाई नव्हती, तारामतीसुद्धा पुरुषानंच केली. रसायनांच्या खोलीत मात्र होती.

आपल्या जवळचं म्हणाल तर कोल्हापूर. बाबूराव पेंटरांनी तिथं महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, कॅमेरासुद्धा घरचाच बनवला आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आणला. निपाणीपासून कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर. कॅमेऱ्याचं वारं इकडं लागलं ते तिकडूनच, असं मामा म्हणायचे. त्यांची रसायनंही कोल्हापूरहूनच यायची, एस.टी.नं, कागदी पुड्यांत बांधून.

आणि खरी चूक तिथंच होती. पुड्या घरी आल्या की मिळेल त्या बाटलीत भरायच्या. सरबताची बाटली, लोणच्याची बरणी, काहीही. चिठ्ठी असली तर असली.

मामी चौथी शिकलेली. पण तिनं घातलेले नियम बघा. खाण्यापिण्याची एकही बाटली-बरणी त्या खोलीत जाणार नाही आणि तिथली एकही बाहेर येणार नाही. प्रत्येक बाटलीवर मराठीत मोठ्या अक्षरात नाव आणि तारीख. विषारी बाटलीच्या गळ्यात लाल दोरा, म्हणजे अंधारात हातालाही कळावं. (फिल्म धुताना लाल दिवासुद्धा चालत नाही, पूर्ण काळोख लागतो. लाल दिवा फक्त कागदासाठी.) खोलीत चहा नाही, पान नाही, तंबाखू तर नाहीच. पूड कालवताना तोंडाला ओला रुमाल. दिवस मावळला की मागची खिडकी उघडून वारा खेळता करायचा.

मामांनी तोंडी सांगितलेली कृती तिनं वहीत उतरवली. ती वही माझ्याकडे आहे. कागदाच्या डेव्हलपरची कृती अशी: मेटॉल ३ ग्रॅम, सोडियम सल्फाईट ४५, हायड्रोक्विनोन १२, सोडियम कार्बोनेट ६७.५, पोटॅशियम ब्रोमाईड २, सगळं मिळून एक लिटर. मेटॉल आधी, कारण सल्फाईट जास्त झालं की ते विरघळत नाही. वजन सोनाराच्या छोट्या काट्यावर. हायपोत आम्ल घालायचं तर आधी सल्फाईट विरघळवायचं. नाहीतर पाणी दुधासारखं होतं, गंधक खाली बसतं आणि घशाला झोंबणारा वायू सुटतो. आणि तिचं ठळक अक्षरातलं वाक्य: "अ‍ॅसिड पाण्यात. पाणी अ‍ॅसिडमध्ये कधीच नाही." डिसेंबरच्या थंडीत अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडची बाटली गोठून बर्फासारखी व्हायची, ते १६-१७ अंशांलाच गोठतं. मामी ती कोमट पाण्यात ठेवायची. चुलीजवळ नेऊ द्यायची नाही, कारण त्याची वाफ पेट घेते.

तपकिरी रंगाचे जुने फोटो तुमच्याकडेही असतील. तो रंग सोडियम सल्फाईडनं यायचा आणि त्याला सडक्या अंड्यांचा वास. आमच्या माळकरी घरात काय गोंधळ उडाला असेल ते समजून घ्या! मामीनं ते काम परसात, उघड्यावर नेलं. तो वायू विषारी आणि वर कोरे कागदही खराब करतो, म्हणजे दोन्हीकडून नुकसान.

वापरलेलं हायपो पूर्वी परसातल्या केळीला जायचं. केळ करपली. आड तिथून दहा पावलांवर. मामीनं ते बंद करून वेगळ्या कॅनमध्ये साठवायला सुरुवात केली. त्यात फोटोची चांदी उतरलेली असते. लोखंडाचा कीस टाकला की चांदी काळ्या गाळासारखी खाली बसते. हुपरीकडचा एक माणूस वर्षातून दोनदा येऊन तो गाळ घेऊन जायचा. हुपरी म्हणजे चांदीचं गाव, त्यांना त्याची किंमत कळायची. त्या पैशातून मुलांची वह्या-पुस्तकं यायची.

एक गोष्ट मात्र मामीच्या हातात राहिली नव्हती. मामा वीस वर्षं उघड्या हातानं तसराळ्यात कागद हलवत आले होते. चिमटा वापरला तर "कागद हाताला कळत नाही" म्हणायचे. १९७८ च्या सुमारास त्यांच्या बोटांची कातडी तडकू लागली. खाज, पाणी, रात्रभर झोप नाही. बेळगावच्या डॉक्टरांनी मेटॉलची अ‍ॅलर्जी सांगितली. ती एकदा अंगात मुरली की थोडंसुद्धा मेटॉल सोसत नाही. मेटॉलऐवजी फेनिडोन वापरता येतं, हे आम्हाला फार उशिरा कळलं. मामा परत त्या खोलीत शिरले नाहीत. ते दाराबाहेर पाटावर बसून घड्याळ बघत सेकंद मोजायचे आणि आत मामी रबरी मोजे घालून, बांबूच्या चिमट्यानं फोटो काढायची. माझ्या लग्नाचे सगळे फोटो असेच निघालेत.

ऐंशीच्या दशकात रंगीत फोटोंच्या लॅब आल्या आणि खोली बंद पडली. आता तिथं गॅसची सिलिंडरं असतात. उटीच्या कारखान्यातली 'इंदू' फिल्मही आता मिळत नाही.

हे सगळं लिहायचं कारण वेगळंच आहे. गेल्या महिन्यात घर आवरताना माळ्यावर मामांची एक पेटी निघाली. आत सहा बाटल्या. चारांवर मामीचं अक्षर, लाल दोरा तसाच. दोन मात्र मामीच्या आधीच्या, चिठ्ठी नसलेल्या. माझा नातू झाकण फिरवूलाला तेवढ्यात मी बघितलं.

तुमच्याही माळ्यावर असं काही असेल. उघडून वास घेऊ नका, एकमेकांत ओतू नका, मोरीत किंवा आडाजवळ टाकू नका, भंगारवाल्याला देऊ नका. बाटली उभी ठेवून, प्लास्टिकच्या बादलीत घालून, मुलांपासून लांब ठेवा. घनकचरा नियमांप्रमाणे असा घातक घरगुती कचरा वेगळाच द्यायचा असतो. नगरपालिकेत आधी विचारा, जवळच्या कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या सरांनाही दाखवा. मी त्या दोन बाटल्यांचं तसंच केलं.

राहिलेल्या चार बाटल्याही तशाच दिल्या. देण्याआधी त्यांचे लाल दोरे तेवढे सोडून मामीच्या वहीत ठेवलेत.