बाक डुगडुगला की गणित कळतं! पाबळचं 'करून शिकणं' नेमकं काय आहे?

"हे शिकून पुढे काय उपयोग?" वर्गात बसलेल्या प्रत्येकाला हा प्रश्न कधी ना कधी पडतोच. त्याचं एक उत्तर पुणे जिल्ह्यातल्या पाबळमध्ये सापडतं. हिंदुस्तान लिव्हरमधली संशोधनाची नोकरी सोडून आलेल्या डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये तिथे विज्ञान आश्रम सुरू केला.

आश्रमाने तयार केलेला 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' हा विषय आठवी ते दहावीसाठी आहे. आठवड्यातला एक दिवस हाताने काम: वेल्डिंग, वायरिंग, शेती, स्वयंपाक, अगदी रक्तगट तपासणीसुद्धा. शिकवायला बऱ्याचदा गावातलेच कारागीर असतात.

यात मुलांना रस का वाटतो?

समजा, शाळेसाठी लोखंडी बाक बनवायचाय. मापं घ्या, चित्र काढा, अँगल किती फूट लागेल ते ठरवा, मजुरी धरून खर्च मांडा. हे सगळं गणितच! पण इथे उत्तर चुकलं की वहीत लाल शेरा येत नाही, थेट बाक डुगडुगतो. मग तो का डुगडुगतो हे शोधायला मुलं स्वतःच टेप घेऊन बसतात. शिवाय त्यावर उद्या कुणीतरी खरंच बसणार असतं. गावाच्या उपयोगाची कामं करून देणं हा या अभ्यासक्रमाचाच भाग आहे.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा बिनदप्तराचे दिवस सुचवलेत. सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे जाऊन शिका, असं त्यात म्हटलंय. छानच. पण दहा दिवसांत ओळख होते, हात बसत नाही. त्यासाठी वेळापत्रकात दर आठवड्याला जागा हवी, आणि साहित्याला पैसे.