रॅमवरचा खोडरबर : दुरुस्तीच्या एका रीतीची कुळकथा

डेस्कटॉप सुरू केल्यावर पडदा काळाच राहिला आणि आतून नुसते बीप ऐकू आले, तर रॅमची पट्टी काढावी, तिच्या सोनेरी पिनांवरून खोडरबर फिरवावा आणि दोन्ही बाजूंचे खटके लागेपर्यंत ती दाबून परत बसवावी, ही दुरुस्तीची रीत आज गावोगावी रूढ आहे. मात्र काढून परत बसवण्याचा तिचा गाभा रॅमच्या पट्टीपेक्षा जुना आहे. १९८१ च्या ऑगस्टमध्ये आलेल्या पहिल्या आयबीएम पीसीच्या मदरबोर्डवर मेमरीच्या चिप नऊ-नऊच्या चार रांगांत असत. त्यांतली पहिली रांग सोल्डर केलेली, तर बाकीच्या सॉकेटमध्ये, म्हणजे पाय रुतवण्याच्या खाचांत, नुसत्या दाबून बसवलेल्या असत. यंत्र तापले की धातू प्रसरण पावे, बंद झाले की आकुंचन पावे, आणि या रोजच्या हालचालीने चिप केसाकेसाने वर सरकून तिचे पाय खाचेतून सुटत. या दोषाला ‘चिप क्रीप’ असे नाव पडले आणि चिप अंगठ्याने खाली दाबणे हा त्यावरचा रुळलेला उपाय ठरला. बीपही त्याच यंत्रातला आहे : चालू होताना यंत्र स्वतःची तपासणी करते, आणि दोष पडदा उजळण्याआधीच सापडला तर तो सांगायला स्पीकरखेरीज दुसरे साधन त्याच्याकडे नसते.

पुढे सुट्या चिपांच्या जागी पट्ट्या आल्या आणि पायांऐवजी पट्टीच्या कडेवरचे धातूचे मुलामे वीज वाहून नेऊ लागले. आता नुसते दाबणे पुरेना, कारण उघड्या कडेवर मळ आणि गंज यांचा पातळ थर साचतो. अर्नाळ्यासारख्या गावात या थराला वेगळेच बळ मिळते. वैतरणेच्या मुखाशी, समुद्राला लागून असलेल्या या कोळी वस्तीत वाऱ्याबरोबर मिठाचे सूक्ष्म कण येतात आणि कॅबिनेटचा पंखा ते आत ओढतो. हवेतली आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतले पाणी शोषून स्वतःच विरघळते. पावसाळ्यात किनाऱ्यावर ही मर्यादा सहज ओलांडली जाते. सोन्याचा मुलामा इतका पातळ असतो की त्यातल्या अदृश्य छिद्रांतून हे खारे पाणी खालच्या निकेल-तांब्यापर्यंत पोचते. खोडरबर वरचा थर काढण्यापुरता उपयोगी आहे, पण तो सोनेही झिजवतो, म्हणून खाऱ्या हवेत त्याची सवय लावणे घातकच. विजेची वायर काढून, अंगातली स्थिर वीज कॅबिनेटच्या धातूला स्पर्श करून उतरवून, आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पिना पुसणे हा खरा उपाय होय.

हाच गंज मदरबोर्डच्या स्लॉटमध्ये बसणाऱ्या कार्डांच्या पिनांवरही चढतो, पण तिथे दोष पिनेचा नसून ड्रायव्हरचाही असू शकतो. ड्रायव्हर म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम आणि एखादे उपकरण यांच्यात बोलणे घडवणारा प्रोग्राम. त्याचा दोष कार्डाच्या दोषापासून वेगळा काढण्याची गरज या कार्डांनी निर्माण केली. महाराष्ट्राला यातले जवळचे उदाहरण म्हणजे जिस्ट कार्ड : आयआयटी कानपूरमधल्या कामातून निघालेले आणि १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकने पुढे नेलेले हे कार्ड डॉसच्या प्रोग्राममध्ये देवनागरी आणी. मराठी अक्षर पडद्यावर येणे त्या काळी एका स्लॉटवरही अवलंबून होते, ही गोष्ट मराठी टंकलेखनाच्या इतिहासात फारशी सांगितली जात नाही, आणि ती सांगितली जायला हवी.

त्या काळात प्रत्येक कार्डाची इंटरप्ट रेषा, म्हणजे प्रोसेसरचे लक्ष वेधण्याची वाट, बहुधा जंपर नावाच्या इवल्या टोपीने हाताने ठरवावी लागे, आणि दोन कार्डांनी एकच रेषा घेतली तर दोन्ही अडत. ऑगस्ट १९९५ मध्ये आलेल्या विंडोज ९५ ने ‘प्लग अँड प्ले’ पद्धतीने ही वाटणी स्वतःकडे घेतली आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये अडलेल्या उपकरणापुढे पिवळे उद्गारचिन्ह दाखवायला सुरुवात केली. आजच्या विंडोजमध्ये त्या चिन्हामागे कोड २८ असेल तर ड्रायव्हर बसवलेलाच नाही, हे निश्चित कळते. कोड १० मात्र उपकरण सुरू होत नाही एवढेच सांगतो, आणि त्याचे कारण ड्रायव्हरमध्येही असू शकते, गंजलेल्या पिनेतही. उपकरण यादीतून पूर्णच नाहीसे झाले असेल, तर अर्नाळ्याच्या हवेत आधी कार्ड काढून पिना पाहाव्यात आणि मगच ड्रायव्हर शोधायला बसावे.