३१ मार्च जेव्हा चार महिने पुढे सरकला

१/ निवृत्तीसाठी केलेल्या बचतीवर आयकरात वजावट मिळते. पण रक्कम ज्या आर्थिक वर्षात भरली, त्याच वर्षाची. अमेरिकेत निवृत्ती खात्यात गेल्या वर्षाची रक्कम एप्रिलच्या मध्यापर्यंत भरता येते. भारतात ३१ मार्च उलटला की दार बंद. २०२० साली मात्र ते दार पुन्हा उघडले.

२/ सरकारी आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू करण्याची प्रथा १८६७ ची. सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी, म्हणजे पीपीएफ, १९६८ मध्ये आला आणि याच चौकटीत बसला.

३/ साखर कारखान्यातील कायम कामगाराचा भविष्य निर्वाह निधी पगारातूनच कापला जातो. सांगलीच्या पेठेतील हळदीचा व्यापारी किंवा साताऱ्यातील स्वतंत्र व्यावसायिक यांना मात्र पीपीएफचा हप्ता स्वतःच भरावा लागतो. अनेकांचा तो हप्ता मार्चअखेरीवर येतो.

४/ २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली. एसटी थांबली होती. इस्लामपूर रुग्णसंख्येमुळे राज्यभर चर्चेत होते. वर्ष संपायला अवघा आठवडा उरला होता.

५/ ३१ मार्चलाच केंद्राने अध्यादेश काढला. २०१९-२० साठीची गुंतवणूक ३० जूनपर्यंत ग्राह्य ठरली. पुढे ही मुदत ३१ जुलै झाली. पीपीएफ खात्यातही मागील वर्षाची रक्कम भरण्याची मुभा मिळाली.

६/ यातून नवा पेच उभा राहिला. जूनमध्ये भरलेला रुपया तारखेने २०२०-२१ चा, वजावटीने २०१९-२० चा. तोच रुपया दोन्ही वर्षांत दाखवला गेला तर?

७/ यासाठी त्या वर्षीच्या विवरणपत्रात 'शेड्यूल डीआय' हे स्वतंत्र परिशिष्ट जोडले गेले. एकूण वजावटीपैकी १ एप्रिल ते ३१ जुलै २०२० दरम्यान भरलेली रक्कम त्यात वेगळी नोंदवायची होती.

८/ समजा, मार्चपूर्वी ६०,००० आणि जूनमध्ये ४०,००० रुपये भरले. कलम ८०सी खाली २०१९-२० ची वजावट १ लाखाची. त्यातील ४०,००० 'डीआय'मध्ये. पुढील वर्षी या ४०,००० वर हक्क नाही. दीड लाखाची मर्यादा कायमच होती.

९/ कार्यालयाच्या 'फॉर्म १६' मध्ये ही उशिराची रक्कम नसली, तरी विवरणपत्रात ती मागता येत होती. मात्र करदात्याने ती स्वतः नोंदवणे आवश्यक होते. विवरणपत्राची मुदतही वाढत वाढत, लेखापरीक्षण लागू नसलेल्यांसाठी, १० जानेवारी २०२१ वर पोहोचली.

१०/ २०२१ च्या दुसऱ्या लाटेत ८०सी साठी अशी सवलत मिळाली नाही. ३१ मार्च पुन्हा पूर्वीइतकाच कठोर झाला. महामारीने वाकवलेल्या त्या एका वर्षाचा हिशेब विवरणपत्राच्या एका परिशिष्टात तेवढा उरला.