सूचनाफळ्यावरचा इतिहास : वसईची कॅथलिक प्राथमिक शाळा आणि मराठी

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा इतिहास आपण वर्गात शिकवतो तेव्हा त्याची एक ठरून गेलेली वाट असते. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ (१६१६), सतराव्या शतकातील त्याचे मोजके सोबती ग्रंथ, मग एक दीर्घ पोकळी. त्यानंतर अमेरिकन मराठी मिशन, ‘ज्ञानोदय’ (१८४२), आणि शेवटी रेव्हरंड टिळक व लक्ष्मीबाई. ही वाट चुकीची नव्हे. पण ती ग्रंथावरून ग्रंथावर उडी मारत जाते. मधल्या काळात ही भाषा कोणाच्या तोंडी होती, मुले ती कोठे गिरवत होती, तिच्यात प्रार्थना कोण म्हणत होते, हे प्रश्न या वाटेवर भेटत नाहीत. वसईच्या कॅथलिक समाजापुरते बोलायचे तर या प्रश्नांचे उत्तर एखाद्या ग्रंथात नसून चर्चच्या आवारातील लहानशा प्राथमिक शाळेत आहे.

या शाळेचा इतिहास लिहिण्यात एक अडचण आहे. ती कोणी एका दिवशी स्थापन केली असे म्हणता येत नाही. आजच्या रूपातील शाळा विसाव्या शतकातील असली तरी तिची मुळे धर्मशिक्षणाच्या फार जुन्या प्रथेत आहेत. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांच्या स्वाधीन केली. १५४२ मध्ये गोव्यास उतरलेले फ्रान्सिस झेवियर रस्त्यातून घंटा वाजवीत मुलांना गोळा करीत आणि त्यांच्याकडून धर्मतत्त्वे पाठ करून घेत, हे सर्वश्रुत आहे. पोर्तुगीज भाषेत या पाठाला ‘दोउत्रिना’ म्हणत. पुस्तक हाती न देता, ऐकवून, म्हणवून आणि गाववून शिकवण्याची ही रीत होती. एकोणिसाव्या शतकात आलेल्या प्रॉटेस्टंट मिशनांची शाळा वाचनाने सुरू होते, कारण त्यांच्या धर्मविचारात प्रत्येकाने शास्त्र स्वतः वाचणे हे मूलभूत कर्तव्य आहे. कॅथलिक शाळा सुरू होते ती पाठांतराने, गायनाने आणि सणवारांच्या चक्राने. मराठी ख्रिस्ती गद्य एका परंपरेत लवकर बहरले आणि दुसऱ्या परंपरेत उशिरा, याचे एक कारण या फरकात शोधता येईल.

‘क्रिस्तपुराणा’चा आरंभ या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगा आहे. पुराण सांगण्याचे निमित्त घडते ते मुलांना धर्मतत्त्वे शिकवली जात असताना. नवख्रिस्ती समाजातला एक जाणता मनुष्य पाद्री-गुरूपुढे आपली उणीव मांडतो : मुलांना मिळते ती शिकवण चांगलीच आहे, पण पूर्वी ऐकत असू तशी पुराणे आता आम्हांला नाहीत. म्हणजे मराठीतील पहिल्या ख्रिस्ती महाकाव्याच्या दाराशीच मुलांचा वर्ग बसलेला आहे. अभ्यासक या काव्यातील ओवीची, शब्दकळेची चर्चा करतात. या वर्गाकडे मात्र क्वचितच कोणी पाहते.

खुद्द वसईच्या शाळेने दिलेला सर्वात प्रसिद्ध विद्यार्थी म्हणजे संत गोन्सालो गार्सिया. वडील पोर्तुगीज, आई स्थानिक. शिक्षण वसईत जेझुइटांच्या हाताखाली. तरुणपणी ते जपानला गेले, जपानी शिकले, काही काळ त्यांनी व्यापार केला, पुढे मनिला येथे फ्रान्सिस्कन बंधू झाले आणि दुभाषा म्हणून पुन्हा जपानला परतले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला त्यांना क्रूसावर मृत्यू आला. १८६२ मध्ये ते संत म्हणून घोषित झाले. दोन भाषांच्या मधोमध उभे राहण्याचे कौशल्य वसईच्या या मुलाने जगाच्या दुसऱ्या टोकाला नेले. वसईच्या शाळांमधून त्यांचे चरित्र आजही सांगितले जाते. त्यात हौतात्म्य ठळक असते, दुभाषेपण मात्र मागे राहते. भाषेच्या शिक्षकाने ते पुढे आणायला हवे.

मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. तहात मागे राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांच्या धर्माचरणाला मुभा होती. परंतु किल्ल्यातील धर्मसंघांचे मठ आणि त्यांच्या विद्यासंस्था ओस पडल्या. राजसत्तेचा आधार गेला, समाज मात्र राहिला. त्यानंतरच्या शतकात धर्म टिकला तो गावोगावच्या धर्मगुरूंमुळे आणि घराघरांतल्या सायंप्रार्थनेमुळे. मिस्सा लॅटिनमध्ये, घरचे बोलणे सामवेदी ऊर्फ कादोडीत किंवा वाडवळीत, आणि प्रमाण मराठी बाजारात व कचेरीत, अशी ही तीनपदरी व्यवस्था होती. सामवेदी बोली ख्रिस्ती आणि ब्राह्मण अशा दोन्ही समाजांची आहे, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे. धर्म बदलला तरी घरातली बोली बदलली नाही.

ब्रिटिश अमलात मुंबई आणि वसई यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. मुंबई-साष्टीतील मूळनिवासी कॅथलिकांना रेल्वे आणि सरकारी कचेऱ्यांतील नोकऱ्यांनी इंग्रजीकडे ओढले. १८८७ साली त्यांनी ‘ईस्ट इंडियन’ हे नावही धारण केले. वसई शेतीची राहिली. केळी, पानवेली, फुले आणि भाजीपाला पिकवणाऱ्या या पट्ट्यात मुलाला इंग्रजीची तातडीची गरज नव्हती. त्याला हिशेब, सातबारा आणि पत्रलेखन यांपुरती मराठी हवी होती. १८५४ च्या वुडच्या खलित्याने अनुदानाचे तत्त्व आणले, त्यामुळे धर्मसंस्थेच्या शाळेला सरकारी अभ्यासक्रम शिकवून सरकारी साहाय्य घेण्याचा मार्ग खुला झाला. वसईच्या कॅथलिक शाळा मराठी माध्यमाच्या झाल्या त्या भाषाभिमानाच्या ठरावाने नव्हे, जमिनीच्या आणि उपजीविकेच्या तर्काने.

या व्यवस्थेला एका रोमन आदेशाने अनपेक्षित बळ दिले. ८ ऑगस्ट १९१० रोजी पोप दहावे पायस यांनी प्रथम ख्रिस्तप्रसादाचे वय सुमारे सात वर्षांवर आणले. त्यापूर्वी दहा-बारा किंवा त्याहून अधिक वयाची प्रथा होती. परिणामी संस्काराची तयारी नेमकी दुसरी-तिसरीच्या वयात आली. मूल अक्षर गिरवू लागते आणि प्रार्थनेचा अर्थ विचारू लागते, या दोन्ही गोष्टी एकाच वर्षात, पुष्कळदा एकाच शिक्षिकेपुढे घडू लागल्या. प्राथमिक शाळा आणि धर्मग्राम यांची गाठ पक्की झाली ती अशी.

ही गाठ पाहायची असेल तर अशा शाळेचा सूचनाफळा पाहावा. त्यावर दोन पंचांगे एकमेकांत मिसळलेली असतात. जूनमध्ये पावसाबरोबर शाळा उघडते, त्याच सुमारास येशूच्या पवित्र हृदयाचा सण येतो. १५ ऑगस्टला स्वातंत्र्यदिन आणि मरियेच्या स्वर्गोन्नयनाचा सण एकाच सकाळी; ध्वजवंदन आणि मिस्सा यांच्या वेळा जुळवणे हे मुख्याध्यापिकेचे दरवर्षीचे गणित. ८ सप्टेंबरला मरियेचा जन्मदिन, त्याआधीचे नऊ दिवस नोव्हेना. २ ऑक्टोबरला गांधीजयंती, आणि चर्चच्या पंचांगात त्याच दिवशी मुलांचे पाठीराखे मानल्या जाणाऱ्या रक्षक दूतांचे स्मरण. ऑक्टोबरभर जपमाळ, मध्ये सहामाही परीक्षा, मग दिवाळीची सुट्टी. डिसेंबरात गव्हाणीची तयारी आणि स्नेहसंमेलन, २६ जानेवारी, मग राखेचा बुधवार, उपवासकाळातील बचतीची पेटी, २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन.

या सूचनांची भाषाही अभ्यासण्याजोगी आहे. ‘सर्व पालकांस कळविण्यात येते की’ ही कचेरीची भाषा, ‘पटसंख्या’, ‘घटक चाचणी’ ही शिक्षणखात्याची, ‘मिस्सा’, ‘नोव्हेना’, ‘नाताळ’ ही लॅटिन-पोर्तुगीज वारशाची. आणि फळ्याखाली उभ्या आयांचे बोलणे बोलीतले. चार थर एका फूटभर जागेत. भाषासंपर्काचे उदाहरण म्हणून आपण विद्यार्थ्यांना दूरदूरचे दाखले देतो. हा दाखला लोकलच्या अंतरावर आहे.

हे सामूहिक जीवन एकरंगी मात्र नसते. अशा शाळांत हिंदू, मुस्लिम, बौद्ध मुलेही असतात. संविधानाच्या ३० व्या अनुच्छेदाने अल्पसंख्याकांना शिक्षणसंस्था चालवण्याचा अधिकार दिला आणि २८ व्या अनुच्छेदाने अनुदानित वा मान्यताप्राप्त शाळेत कोणालाही संमतीविना धार्मिक शिक्षण देण्यास मज्जाव केला. म्हणून एका तासाला काही मुले धर्मशिक्षणाला जातात, उरलेली मूल्यशिक्षणाला बसतात, आणि घंटा झाली की दोन्ही गट एकाच नळावर पाणी पितात. नाताळच्या नाटुकल्यात मेंढपाळ कोण, हे ठरवताना धर्म पाहिला जात नाही; पाठांतर पाहिले जाते.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनाविधीत लोकभाषेला वाट करून दिली. वसईच्या दृष्टीने ही घटना साहित्येतिहासाची आहे. आतापर्यंत शाळेत शिकलेली मराठी आता वेदीवर आली. भक्तिगीते, वाचने, प्रवचने यांसाठी शिष्ट, ओघवती मराठी एकाएकी हवी झाली, आणि ती पुरवणारी पिढी शाळांनी आधीच घडवून ठेवली होती. १९५५ पासूनच्या ‘सुवार्ता’ मासिकाला वाचक मिळाले तेही याच वर्गांतून. नंदाखालच्या मराठी शाळेत शिकलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी पुढे या मासिकाचे संपादन दीर्घकाळ केले, बायबल सुबोध मराठीत आणले, आणि जानेवारी २०२० मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद येथील त्र्याण्णवाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवले. २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा वृत्तपत्रांनी त्यांना योग्य तो मान दिला. मात्र एका धर्मगुरूला ही मराठी कोठून मिळाली, हा प्रश्न फारसा विचारला गेला नाही. विचारला असता तर त्याचे उत्तर चर्चच्या आवारातल्या त्या शाळेशी येऊन थांबले असते.

आज पेच आहे तो याच ठिकाणी. वसई-विरार शेतीचा पट्टा राहिला नाही. २००९ पासून तेथे महानगरपालिका आहे. ज्या तर्काने आजोबांनी मुलाला मराठी शाळेत घातले, त्याच उपजीविकेच्या तर्काने नातवाला इंग्रजी शाळेत घातले जाते. पालकांना दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाही. आपल्यापैकी अनेक मराठीच्या प्राध्यापकांची मुलेही तेथेच शिकतात. २०२० च्या कायद्याने राज्यातील शाळांत मराठी हा विषय सक्तीचा झाला, हे चांगलेच झाले. परंतु विषय म्हणून शिकलेली भाषा आणि सूचना, भांडणे, नाटके, प्रार्थना, निरोपसमारंभ यांतून अंगवळणी पडलेली भाषा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परीक्षेत मराठीला पस्तीस गुण मिळवून उत्तीर्ण होता येते. प्रवचन ऐकून त्यातली खोच समजण्यासाठी मात्र ती भाषा खेळाच्या मैदानावरही असावी लागते. शाळेचे माध्यम बदलले की चर्चची मराठी एका पिढीत परकी होऊ शकते, आणि तिच्यासोबत ‘सुवार्ते’पासून सिसिलिया कार्व्हालो यांच्या लेखनापर्यंतच्या परंपरेचा स्वाभाविक वाचकही.

या प्रक्रियेला अध्यापक थोपवू शकतील असे आम्हांला वाटत नाही. तिची नोंद ठेवणे मात्र त्यांच्या हाती आहे. जुन्या शाळांच्या कपाटांत सूचनावह्या, हजेरीपट, हस्तलिखित वार्षिके, स्नेहसंमेलनाच्या कार्यक्रमपत्रिका पडून असतात. तुकड्या बंद होतात, वास्तू पाडल्या जातात आणि हे कागद रद्दीत जातात. एम.ए.च्या लघुप्रबंधासाठी दरवर्षी त्याच त्या कवींची यादी फिरवण्याऐवजी दोन-चार विद्यार्थ्यांनी वसईच्या एकेका धर्मग्रामाची शाळा घ्यावी, निवृत्त शिक्षिकांशी बोलावे, सूचनावह्यांची छायाचित्रे घ्यावीत. हे काम अजून करता येईल, कारण १९६३ च्या आधी लॅटिन मिस्सा ऐकलेले आणि नंतर मराठी मिस्सेत पहिले वाचन केलेले लोक आज हयात आहेत. त्यांच्यापैकी अनेकांनी आता ऐंशी ओलांडली आहे.