आगकाड्या चालू लागतात तेव्हा : फाळके, नाशिक आणि संशोधनाचा प्रश्न

निर्जीव वस्तू जिवंत होते, ही गोष्ट मुलांना कुठल्याही भाषेत सांगा, पटते. अँडरसनचा कथिलाचा शिपाई १८३८ चा, कोलोदीचा पिनोकिओ पुस्तकरूपात आला १८८३ मध्ये. सिनेमा आल्यावर ही कल्पना पडद्यावर जाणारच होती. इंग्लंडमध्ये आर्थर मेलबर्न-कूपरने १९०८ मध्ये खेळण्यांचं अख्खं गाव हलवून दाखवलं. त्याच वर्षी फ्रान्समध्ये एमिल कोलने आगकाड्या नाचवल्या.

आपल्याकडे हे काम केलं दादासाहेब फाळक्यांनी. चित्रपटाचं नाव 'आगकाड्यांची मौज', आणि साल साधारणपणे १९१५ दिलं जातं. फाळके तोवर दादर सोडून नाशिकला आले होते.

आता संशोधनाची तयारी करणाऱ्यांसाठी खरा मुद्दा. हा विषय घेतला की पहिला मोह होतो तो 'भारतातला पहिला ॲनिमेशनपट' असं शीर्षक देण्याचा. शीर्षक छान दिसतं, पण तो संशोधनप्रश्न नाही. 'पहिला कोण' याचं उत्तर एका ओळीत संपतं, आणि उद्या एखादी जुनी जाहिरात सापडली तर तेही उलटतं. त्यापेक्षा असं विचारा : रामायण-महाभारतातल्या कथांवर मोठे चित्रपट काढणारा माणूस १९१५ च्या सुमारास काड्यापेटी घेऊन का बसला?

उत्तराची सुरुवात तारखांपासून करू. 'राजा हरिश्चंद्र' मे १९१३ मध्ये लागला. १९१४ मध्ये फाळके आपले चित्रपट घेऊन लंडनला गेले. परतले तोवर महायुद्ध सुरू झालं होतं. पैसे घालणाऱ्यांनी हात आखडता घेतला. कच्ची फिल्म परदेशातूनच यायची. पुढचा मोठा चित्रपट 'लंका दहन' थेट १९१७ चा. मधल्या अडचणीच्या काळात लहान लहान फिल्मच परवडणार, हे उघड आहे. आगकाड्यांना पगार लागत नाही, पोशाख लागत नाही, सेट तर नाहीच नाही.

पण थांबा. 'स्वस्त पडलं म्हणून केलं' एवढ्यावर प्रकरण संपवू नका. कारण हे काम पैशाला स्वस्त होतं, वेळेला नव्हतं. त्या काळी मूकपट सेकंदाला साधारण १६ चौकटी या वेगाने चालत. एका मिनिटाचे झाले ९६०. प्रत्येक चौकटीआधी काडी तसूभर सरकवायची, हात बाजूला घ्यायचा, कॅमेऱ्याचा दांडा नेमका तेवढाच फिरवायचा. एका मिनिटाच्या करमणुकीसाठी नऊशे साठ वेळा! ही चिकाटी अचानक येत नाही. मग ती आली कुठून?

इथे १९१२ कडे मागे जावं लागतं. लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणल्यावर फाळक्यांनी सगळ्यात आधी कुंडीत वाटाणा पेरला आणि सुमारे महिनाभर त्याची एकेक चौकट टिपली. पडद्यावर रोप झरझर वाढताना दिसलं. 'अंकुराची वाढ' म्हणतात ती हीच फिल्म. पहिल्या चित्रपटासाठी कर्ज मिळवताना तिचा उपयोग झाला. तंत्र बघा, दोन्हीकडे एकच आहे. वाटाणा स्वतः हलतो आणि कॅमेरा मधला वेळ गाळतो. काडी हलतच नाही, तिला हात हलवतो आणि कॅमेरा तो हात गाळतो. म्हणजे आगकाड्यांची फिल्म ही युद्धकाळातली निव्वळ तडजोड नव्हती. हातात असलेलं जुनं कौशल्य नव्या अडचणीत कामी आलं, असं म्हणता येतं. 'प्रसंग' आणि 'क्षमता' ही दोन कारणं वेगळी मांडायला शिका. व्हायव्हामध्ये हमखास इथेच पकडतात.

दुसरा धडा प्रभावाचा. कोलच्या काड्या १९०८ च्या, फाळक्यांच्या नंतरच्या. लगेच 'फाळक्यांवर कोलचा प्रभाव' असं लिहायचा हात होतो. पण सारखेपणा म्हणजे प्रभाव नव्हे. प्रभाव म्हणायचा तर ती फिल्म मुंबईत किंवा लंडनमध्ये त्यांनी पाहिल्याची नोंद हवी. तोपर्यंत 'साम्य' हाच शब्द वापरा.

तिसरा धडा साधनांचा. फाळक्यांनी १९१७-१८ मध्ये 'नवयुग' मासिकात लेख लिहिले, आणि पुढे १९२७-२८ च्या सिनेमॅटोग्राफ समितीपुढे साक्षही दिली. दोन्ही अस्सल साधनं, पण दोन्ही वेळा ते कुणाला तरी काहीतरी पटवून देत होते. मासिकात समोर वाचक होता, समितीत सरकार. साधन वाचताना 'काय म्हटलं' याच्या जोडीला 'कुणाला म्हटलं' हेही वहीत टिपून ठेवा.

आणि कागदाबाहेरची साधनं? नाशिक रोडला राहणाऱ्यांना ती रोज दिसतात. मुंबईहून रेल्वेने येणारा माल इथेच उतरायचा, गाव तिथून आठ-नऊ किलोमीटर लांब, मध्ये तेव्हा ट्राम. कच्ची फिल्म, रसायनं, तयार रिळं, सगळ्यांची ये-जा याच वाटेची असणार. काड्यापेटीसुद्धा तेव्हा बहुतेक स्वीडन-जपानची. अंबरनाथची विमको कंपनी १९२३ ची, म्हणजे नंतरची. तेव्हा स्वदेशीच्या भावनेने उभ्या राहिलेल्या या धंद्यात कॅमेरा विलायती, फिल्म विलायती आणि नटमंडळी म्हणजे काड्या, त्याही बहुधा विलायतीच! हा विरोधाभास एका प्रकरणाला पुरेल एवढा मोठा आहे.

शेवटी आणखी एक. चित्रपटांच्या इतिहासात पौराणिक चित्रपटांना पानंच्या पानं मिळतात आणि अशा छोट्या फिल्मना एखादी ओळ. 'कालिया मर्दन'मधली (१९१९) छोटी मंदाकिनी, फाळक्यांची मुलगी, कृष्ण म्हणून सगळ्यांना आठवते. सरस्वतीबाई फाळके रात्री जागून फिल्मला भोकं पाडायच्या, ती धुवायच्या, हे मात्र तळटीपेत जातं. मुलांची करमणूक आणि घरातल्या बाईचं काम, दोन्ही 'किरकोळ' खात्यात टाकलं गेलं. सिनॉप्सिस लिहायला बसाल तेव्हा आपल्या विषयातलं असं किरकोळ खातं आधी उघडून बघा. प्रश्न बहुतेक वेळा तिथेच पडलेला असतो.