जिवंत सशापासून पांढऱ्या उंदरापर्यंत : बंदिवासातील सर्पाहाराचा इतिहास

बंदिवासात ठेवलेल्या सापाला ओळखीचे भक्ष्य सोडून दुसरे भक्ष्य खायला लावणे ही सर्पपालनातील सर्वांत जुनी आणि सर्वांत चिवट अडचण आहे. अन्य प्राण्यांच्या बाबतीत भूक ही पालकाच्या हातातील मोठी सत्ता असते. वाघ किंवा माकड दोन-चार दिवसांच्या उपासानंतर समोर येईल ते स्वीकारते. साप मात्र शरीराची उष्णता टिकवण्यासाठी अन्न जाळत नाही, त्यामुळे त्याच्या शरीराचा खर्च अत्यल्प असतो, आणि मोठा अजगर कित्येक महिने काहीही न खाता जिवंत राहू शकतो. उपाशी ठेवून त्याला नमवता येत नाही, आणि तो केवळ हट्टाने उपाशी आहे की खरोखरच मरणाच्या वाटेवर आहे हे बाहेरून ओळखणेही अवघड असते. या अडचणीशी गेली पावणेदोनशे वर्षे जो झगडा चालला, त्यात सापाच्या सवयी बदलल्या त्याहून अधिक सापाविषयीच्या माणसाच्या समजुती बदलल्या.

या इतिहासाचा सुसंगत आरंभ लंडनच्या रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालयात सापडतो. पॅरिसच्या ‘जार्दॅं दे प्लांत’ या उद्यानात त्याआधीपासून साप पाळले जात होते, आणि १८४१ मध्ये तेथील अजगराच्या मादीने अंड्यांभोवती वेटोळे घालून ती उबवल्याची शास्त्रीय नोंदही झाली होती. परंतु केवळ सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी सार्वजनिक गृह उघडण्याचा पहिला मान १८४९ मध्ये लंडनकडे गेला. तेथे सापांना ससे, गिनीपिग, कबुतरे, उंदीर आणि बेडूक जिवंत दिले जात. जिवंत भक्ष्य देण्यामागे क्रौर्याची हौस नव्हती. साप हालचाल पाहून झडप घालतो, भक्ष्य स्वतः मारल्याशिवाय तो ते गिळत नाही आणि मेलेले मांस त्याच्या प्रकृतीलाच मानवत नाही, हा त्या काळचा सर्वमान्य सिद्धान्त होता, आणि तो तपासून पाहण्याची गरज कोणाला फारशी वाटली नव्हती.

विशेष म्हणजे या सिद्धान्ताला छेद देणारा पुरावा त्याच गृहात डोळ्यांसमोर घडत होता. १८५० मध्ये तेथील एका बोआने (हा अमेरिका खंडातील अजगराचा नातलग) पिंजऱ्यात अंथरलेली घोंगडी गिळली आणि महिनाभराहून अधिक काळाने ती ओकून बाहेर टाकली. १८९४ मध्ये दोन बोआंनी एकच कबुतर दोन बाजूंनी धरले, आणि सुमारे ११ फूट लांबीच्या मोठ्या सापाने कबुतरापाठोपाठ आपला सुमारे ९ फुटी सोबतीही गिळून टाकला. या घटना प्राणिशास्त्राच्या पुस्तकांत नवलकथा म्हणून नोंदल्या गेल्या. वस्तुतः त्या मोलाच्या साक्षी होत्या. घोंगडी पळत नव्हती, प्रतिकार करत नव्हती, तिचे मरण साप घडवून आणू शकत नव्हता, तरीही तो ती गिळत गेला. एकदा गिळण्याची क्रिया सुरू झाली की तोंडात आलेल्या पुढच्या वस्तूची पारख साप फारशी करत नाही, हे पुढे पालकांनी हेतुपूर्वक वापरलेले तत्त्व या दोन अपघातांत आधीच उघड झाले होते.

बदलाची पहिली मागणी मात्र विज्ञानाकडून आली नाही. सापांच्या भोजनाच्या वेळी गर्दी करणारे प्रेक्षक आणि त्या दृश्याने व्यथित होणारे नागरिक यांच्यातील वाद एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वृत्तपत्रांत वाढत गेला, आणि सशाला सापाच्या पिंजऱ्यात सोडणे हे भूतदयेच्या चळवळीचे एक लक्ष्य बनले. हेन्री सॉल्ट यांच्या पुढाकाराने १८९१ मध्ये स्थापन झालेल्या ‘ह्युमॅनिटेरियन लीग’ने या प्रथेविरुद्ध प्रचार केला. संग्रहालयाचा बचाव एकच होता : मेलेले भक्ष्य साप खाणार नाहीत आणि मरतील. प्रश्न अशा रीतीने नीतीकडून वस्तुस्थितीकडे सरकला, आणि वस्तुस्थिती प्रयोगाने ठरवता येण्याजोगी होती.

तो प्रयोग १९०३ मध्ये हे संग्रहालय चालवणाऱ्या संस्थेचे सचिव झालेले पीटर चाल्मर्स मिचेल आणि अधीक्षक आर. आय. पोकॉक यांनी केला. १९०७ मध्ये संस्थेच्या कार्यवृत्तात प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाने दोन दीर्घजीवी समजुतींना एकाच वेळी हात घातला. बंदिवासातील बहुतेक साप नुकतेच मारलेले भक्ष्य स्वीकारतात, अपवाद थोडे असतात, हा त्यांचा पहिला निष्कर्ष. दुसरा निष्कर्ष भक्ष्याच्या बाजूचा होता : ससे, गिनीपिग आणि उंदीर सापाला पाहून जन्मजात भीती दाखवत नाहीत, ते त्याच्या अंगावरूनही फिरतात, माकडे मात्र साप दिसताच घाबरून ओरडतात. भूतदयावाद्यांनी रंगवलेले भयभीत सशाचे चित्र यामुळे काहीसे फिके पडले, तरीही मिचेल यांनी जिवंत भक्ष्याची प्रथा जवळजवळ बंद केली. ज्या कारणासाठी लोक भांडत होते ते कारण अंशतः चुकीचे होते आणि निर्णय योग्य होता, असा हा इतिहासातील दुर्मीळ योग आहे.

निसर्गातही साप मेलेले प्राणी खातात याच्या विखुरलेल्या नोंदी तेव्हापासून साचत गेल्या. २००२ मध्ये डीव्हॉल्ट आणि क्रॉक्मल यांनी त्यांचा एकत्र आढावा घेतला तेव्हा मृताहार ही सापांची अपवादात्मक विकृती नसल्याचे स्पष्ट झाले. पॅसिफिक महासागरातील ग्वाम बेटावर उपद्रवी ठरलेल्या तपकिरी वृक्षसर्पांना मारण्यासाठी पॅरासिटामॉलची ८० मिलिग्रॅम मात्रा भरलेली मेलेली उंदराची पिल्ले हेलिकॉप्टरमधून टाकली जातात, हा उपायही त्याच वस्तुस्थितीवर उभा आहे.

प्राणिसंग्रहालयांच्या समांतर दुसरी एक परंपरा विषप्रयोगशाळांत वाढली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रतिविष तयार होऊ लागले तेव्हा विष काढण्यासाठी साप जिवंत ठेवणे अपरिहार्य झाले. परंतु नुकतेच पकडलेले, वारंवार हाताळले जाणारे विषारी साप अन्नाला तोंड लावत नसत. फ्रान्समधील लील येथे अल्बेर काल्मेट यांनी नागांच्या घशात नळी घालून अंडे ओतण्याची रीत अवलंबली. या बळजबरीच्या आहाराने सापाचे आयुष्य लांबत असे, पण नव्या भक्ष्याची सवय काही लागत नसे, कारण सापाने त्यात काहीही स्वीकारलेले नसे. महाराष्ट्रात नागपंचमीला गारुड्यांच्या टोपल्यांतील नागांना पाजले जाणारे दूध हे याच प्रकाराचे अधिक दुःखद रूप होते. दूध हे सापाचे अन्न नव्हे, ते त्याला पचत नाही. सणाआधी पाण्यावाचून ठेवलेला नाग तहानेने समोरचा द्रव पितो आणि भक्ताला ते नैवेद्य स्वीकारल्यासारखे वाटते. हाफकिन संस्थेतील प्रा. पी. जे. देवरस यांच्यासारख्या अभ्यासकांच्या आणि नंतरच्या काळात सर्पमित्रांच्या प्रबोधनाने, तसेच १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हा प्रकार पुष्कळ ओसरला, आणि ही त्या सर्वांची मोठी कामगिरी मानली पाहिजे.

साप भक्ष्य ओळखतो तरी कशाने, या मूळ प्रश्नाचे उत्तर विसाव्या शतकात टप्प्याटप्प्याने मिळाले. सापाच्या टाळूत नाकापासून वेगळे असे एक गंधेंद्रिय असते. डॅनिश शरीरशास्त्रज्ञ लुडविग जेकबसन यांनी १८१३ मध्ये सस्तन प्राण्यांत त्याचे वर्णन केले, म्हणून ते त्यांच्या नावाने ओळखले जाते. दुभंगलेली जीभ हवेतील व जमिनीवरील गंधकण टिपते आणि ते या इंद्रियाकडे पोहोचवते. अमेरिकेतील गार्टर सापांवर (हे लहान, माणसाला निरुपद्रवी असे साप गांडुळे, मासे, बेडूक खातात) प्रयोग करून वाइल्ड यांनी १९३८ मध्ये दाखवले की या इंद्रियाचा मज्जातंतू तोडला की साप गांडुळाच्या अर्कावर झडप घालणे सोडून देतो. त्याच्या आदल्या वर्षी नोबल आणि श्मिट यांनी काही विषारी सापांच्या नाक-डोळ्यांमधील आणि अजगरांच्या ओठांवरील खाचा उष्णता ओळखतात हे सिद्ध केले होते. डोळे झाकलेले सापही कापडात गुंडाळलेल्या गरम दिव्यावर झडप घालत. जीवनमरणाच्या ज्या झगड्याला एकोणिसावे शतक अनिवार्य समजत होते, तो बहुतेक सापांच्या लेखी गौण ठरला. गंध आणि ऊब जुळली की भक्ष्याची ओळख बहुतांशी पटत होती.

या ज्ञानाला काटेकोर रूप दिले ते गॉर्डन बर्गहार्ट यांनी. १९६७ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या त्यांच्या अभ्यासात, जन्मापासून काहीही न खाल्लेल्या पिल्लांपुढे निरनिराळ्या भक्ष्यांच्या अर्कात बुडवलेले कापसाचे बोळे धरले गेले आणि जीभ किती वेळा बाहेर आली, झडप घातली की नाही, हे मोजले गेले. प्रत्येक जातीची पिल्ले आपल्या जातीच्या नैसर्गिक भक्ष्याच्या गंधालाच अधिक प्रतिसाद देत होती. म्हणजे आवड जन्मजात होती. पुढच्या प्रयोगांत मात्र मिळालेल्या अन्नानुसार ही आवड काही अंशी सरकते, असेही आढळले. स्टीव्हन अर्नोल्ड यांनी १९७७ मध्ये कॅलिफोर्नियातील एकाच जातीच्या गार्टर सापांत आणखी सूक्ष्म भेद दाखवला : समुद्रकाठच्या दमट भागातील साप शंखहीन गोगलगाई आवडीने खातात, तर जेथे त्या गोगलगाई नाहीत अशा अंतर्भागातील सापांची नवजात पिल्लेसुद्धा बहुधा त्या नाकारतात. सापाचा नकार हा लहरीपणा नसून पिढ्यान्‌पिढ्यांचा वारसा आहे, ही गोष्ट पालकांनी समजून घेणे त्यांच्या युक्त्यांइतकेच महत्त्वाचे होते.

युक्त्या मात्र प्रयोगशाळेची वाट पाहत थांबल्या नव्हत्या. न्यूयॉर्कमधील स्टेटन आयलंड प्राणिसंग्रहालयाचे कार्ल काउफेल्ड यांच्या १९६९ च्या सर्पपालनविषयक पुस्तकापर्यंत आणि त्यानंतर एक संपूर्ण व्यवहारज्ञान तयार झाले. सरडे खाणाऱ्या पिल्लाला उंदीर द्यायचा असेल तर उंदराचे पिल्लू आधी धुऊन त्याचा स्वतःचा वास कमी करायचा आणि मग ते सरड्यावर घासायचे. भेक, म्हणजे खरबरीत कातडीचा जमिनीवरचा बेडूक, खाणाऱ्या हॉगनोज सापासाठी तेच भेकावर घासायचे. साप ते घेऊ लागला की प्रत्येक जेवणाला परका गंध थोडा कमी करत न्यायचा आणि शेवटी निव्वळ उंदीर उरू द्यायचा. दुसरी रीत साखळीची : आवडते भक्ष्य गिळत असतानाच त्याच्या शेपटाकडून नवे भक्ष्य तोंडात सरकवायचे. लंडनच्या घोंगडीत आणि बोआच्या सोबत्यात जे तत्त्व अपघाताने दिसले होते तेच येथे हेतुपूर्वक वापरले गेले. गोठवलेले भक्ष्य कोमट करून चिमट्याने धरणे, अंधारात रात्रभर ठेवून देणे, सापाला लपायला अरुंद जागा देणे याही गोष्टी त्यात येतात, आणि अनुभवी पालक या शेवटच्या गोष्टीला सर्वांत जास्त महत्त्व देतात. भेदरलेला साप कोणत्याच गंधाला बधत नाही.

हे सर्व प्रयत्न एकाच दिशेने, पांढऱ्या उंदराकडे, का वळले याचे कारण सर्पशास्त्राबाहेर आहे. मॅसॅच्युसेट्समधील ॲबी लॅथ्रॉप यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी हौसेच्या उंदरांचे पैदास केंद्र चालवले, त्यातून संशोधकांना उंदीर मिळू लागले, आणि १९२९ मध्ये क्लॅरेन्स लिटल यांनी स्थापलेल्या जॅक्सन प्रयोगशाळेसारख्या संस्थांनी वैद्यकासाठी उंदरांची मोजूनमापून पैदास रूढ केली. वर्षभर मिळणारा, नवजात पिल्लापासून प्रौढापर्यंत हव्या त्या आकाराचा, रानातील परजीवींपासून मुक्त असा प्राणी या व्यवस्थेमुळे उपलब्ध झाला. शीतकपाटाने त्याची साठवण सोपी केली. जिवंत उंदीर सापाला चावून गंभीर जखमा करतो, हा धोकाही गोठवलेल्या भक्ष्याने संपला. गार्टर सापांच्या बाबतीत तर आरोग्याचेही कारण होते : काही माशांत ब-१ जीवनसत्त्व नष्ट करणारे विकर असते, आणि केवळ अशा माशांवर वाढवलेल्या सापांना झटके येऊन ते मरतात, म्हणून त्यांना उंदरावर आणणे हितावह ठरले.

या उंदराने पाळीव सापांच्या बाजारपेठेची घडणच ठरवली. पश्चिम आफ्रिकेतील घाना, टोगो आणि बेनिन या देशांतून निर्यात झालेले बॉल पायथन जातीचे प्रौढ अजगर पांढऱ्या उंदराकडे ढुंकूनही पाहत नसत. त्यांच्या मायदेशी त्यांचे भक्ष्य वेगळेच उंदीर आणि पक्षी असत. त्यामुळे काही पालकांनी मास्टोमिस या आफ्रिकी उंदराचीच पैदास सुरू केली. १९९२ मध्ये बॉल पायथनचे वर्णहीन पिल्लू बंदिवासात जन्मले आणि रंगभेदांच्या पैदाशीची लाट आली. पहिल्या घासापासून पांढरा उंदीर मिळालेल्या पिल्लांत जुना नकार खूपच कमी आढळला. पिढी बदलणे हा भक्ष्य बदलण्याचा सर्वांत परिणामकारक मार्ग ठरला.

नागराजाच्या बाबतीत हाच प्रश्न अधिक तीव्र आहे, कारण त्याचे मुख्य अन्न साप हेच आहे. एक नागराज पोसण्यासाठी धामण आणि पाणदिवड यांसारखे साप रानातून आणत राहावे लागतात, आणि भारतात हे सापही कायद्याने संरक्षित आहेत. म्हणून सापाच्या गंधाने माखलेला उंदीर स्वीकारायला त्याला शिकवणे हा काही संग्रहालयांत संवर्धनाचाच भाग झाला आहे.

काही साप मात्र या इतिहासाच्या बाहेरच राहिले. आफ्रिकेतील डॅसिपेल्टिस हे साप केवळ पक्ष्यांची अंडी खातात, त्यांचे दात जवळजवळ नाहीसे झालेले आहेत आणि अंड्याचे कवच मानेतील मणक्यांच्या टोकांनी फोडले जाते. त्यांच्या पिल्लांना अतिलहान पक्ष्यांची अंडी लागतात, आणि ती मिळवणे कठीण असल्याने हे साप व्यापारात कधीच फारसे रुळले नाहीत. अशीच सवय असलेला भारतीय अंडीखाऊ साप दीर्घकाळ अत्यंत दुर्मीळ मानला जात होता, आणि महाराष्ट्रातील त्याची पहिली नोंद वर्धा येथील नमुन्यांवरून २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. ज्याच्या जबड्याची रचनाच अंड्यासाठी घडली आहे, त्याच्यापुढे सरड्याच्या वासाचा उंदीर धरणाऱ्या पालकाची कोणतीही रीत उपयोगी पडत नाही.